मोजलं ते सनस्क्रीन होतं

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका क्लिनिकमधल्या ‘स्किन कन्सल्टंट’ने माझ्या कपाळाला पेनासारखं यंत्र टेकवलं, ते बीप वाजलं आणि तिने निकाल दिला, "टोटल ऑइली, मॅडम." मी भर दुपारी मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमधून स्कुटीवर आलेली. चेहऱ्यावर सनस्क्रीन, वर घाम आणि धूळ. ते पुसायची तसदी तिने घेतली नाही. हिवाळ्यात माझे गाल फुटतात, हे मी दोनदा सांगितलं. तरी सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, टोनर आणि क्ले मास्क गळ्यात मारलाच.

डिसेंबरचे दिवस. निफाडचा पारा रोज पेपरात, हवा कोरडी ठणठणीत. थोड्याच दिवसांत गाल लालभडक, हसलं तरी चरचर. फोन केला तर म्हणे, "पर्जिंग होतंय मॅडम, घाण बाहेर पडतेय, कंटिन्यू करा." पुन्हा केला तर, "तुम्ही तेलकट खाता का?" म्हणजे दोष माझ्या ताटाचा! शेवटी तिने लाली जायला एक मलम सुचवलं. शेजारच्या वहिनी नर्स आहेत. त्यांनी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचलं आणि ती माझ्या हातातून काढूनच घेतली. बीटामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. चेहऱ्याला असलं काही महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते आणि बंद केलं की दुपटीने भडकते. असल्या मलमांची उघड विक्री थांबावी म्हणून सरकारने 2018 मध्ये 14 स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत, घातली. मला काउंटरवर कुणी चिठ्ठी विचारली नाही.

वहिनींनी सगळं बंद करायला लावलं. चेहरा निवल्यावर एका सकाळी सौम्य क्लिन्झरने तोंड धुतलं, टिपलं आणि काही न लावता तासभर बसले. मग टिश्यूचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि गालांवर दाबले. नाकाचा तुकडा पार आरपार दिसायला लागला, कपाळाचा जरासा. गालांचे मात्र कोरे, आणि तिथली कातडी ओढल्यासारखी. म्हणजे मिश्र त्वचा, गाल कोरडे. मी सांगत होते तेच! मग मुद्दाम तेच सनस्क्रीन हाताला, मनगटाच्या वर लावलं. तिथे माझ्या जन्मात कधी तेल आलेलं नाही. कागद दाबला तर हा एवढा तेलकट डाग. सापडली ‘टोटल ऑइली’.

तेव्हा घरी बघायचं असेल तर साबणाने धुऊन बघू नका. त्वचेचा पीएच पाचच्या आसपास, साबणाचा नऊ-दहा. त्याने कुणाचेही गाल ओढतात. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत बोअरचं जड पाणी येतं, म्हणून मी त्या दिवशी पिण्याचं पाणी वापरलं. रेटिनॉल किंवा मुरमांचं औषध चालू असेल तर निकालावर विसंबू नका. डिसेंबरचा निकाल मे महिन्यात धरू नका, पुन्हा कागद लावा. जळजळ, खाज असेल तर ती वेगळी तक्रार, ती टिश्यूला कळत नाही.

तसंही कोरडी, तेलकट, सामान्य ही वाटणी शंभरेक वर्षांपूर्वी रूढ केली ती हेलेना रुबिनस्टाईन या क्रीम विकणाऱ्या बाईंनी. दुकानदारीचा वास या वाटणीला पहिल्यापासूनच आहे.

आणि क्लिनिकची पाटी वाचा. एमडी (त्वचारोग) किंवा डीडीव्हीएल असेल तर ते त्वचेचे डॉक्टर. ‘कन्सल्टंट’, ‘एक्स्पर्ट’ कुणीही होतं. उरलेल्या किटचे पैसे मागायला गेले तर "सील तोडलंय ना मॅडम" असं ऐकवलं, आणि वर फेशियलवर वीस टक्के सूट देऊ केली.