तिकिटावरची मुंबई नीट वाचा

धाराशिवला धावपट्टी आहे, पण तिथून प्रवासी विमान काही उडत नाही. त्यामुळे आपली माणसं पुणं, हैदराबाद नाहीतर मुंबई गाठतात. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून मुंबईला दोन विमानतळ झाले: जुना सहार-सांताक्रूझचा आणि नवा उलव्याजवळचा, नवी मुंबईचा. दोन्हींत रस्त्यानं पस्तीस-चाळीस किलोमीटर. धाराशिवहून तुळजापूरला जाऊन परत यावं, एवढंच. पण तुळजापूरच्या रस्त्यावर सायनचा सिग्नल नाही.

माझी पुतणी बेंगळुरूला नोकरीला. रात्री सहारहून तिचं दोह्याचं विमान होतं, म्हणून तिच्या जड बॅगा घेऊन भाऊ, वहिनी आणि मी गाडीनं थेट सहारला पोचलो. तिचा फोन आला, "काका, उतरले, पण हे नवी मुंबई आहे!" ॲपवर 'मुंबई' टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात. पोरीनं भाडं आणि वेळ तेवढी पाहिली.

मधे चार तास होते. त्यातला एक विमान उशिरा आल्यानंच गेला. मग पट्ट्यावरची बॅग, मग टॅक्सी. अटल सेतूवरून शिवडीपर्यंत ती झपाट्यानं आली आणि पुढं भावाच्या मोबाइलवरचा तिच्या लोकेशनचा निळा ठिपका जागचा हलेना. वहिनी दर मिनिटाला विचारायच्या, "सरकला का?" आंतरराष्ट्रीय विमानाचा काउंटर उड्डाणाच्या निदान तासभर आधी बंद होतो. ती धावत आली तेव्हा तो बंद झाला होता. तिकिटं वेगवेगळी काढलेली, त्यामुळे पहिलं विमान उशिरा आलं हे दुसऱ्या कंपनीनं ऐकूनच घेतलं नाही. नवं तिकीट घ्यावं लागलं, तेही त्या रात्रीच्या भावानं.

म्हणून सांगतो, दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर आणि एकाच विमानतळावरून घ्या. विमानतळ बदलणं टळतच नसेल आणि पुढचं विमान परदेशी असेल, तर मधे सहा तास तरी ठेवा. मी तर मुक्कामच करीन. गोव्यातही असेच दोन विमानतळ, मोपा आणि दाबोळी. सोलापूरहून ९ जून २०२५ ला सुरू झालेलं विमान मोपाला उतरतं. परतीचं तिकीट दाबोळीचं काढलंत, तर मधे अख्खा उत्तर गोवा.

नवी मुंबईचा विमानतळ आपल्याला गैरसोयीचा आहे असं मात्र नाही. गाडीनं एक्स्प्रेसवे उतरलात की पनवेलजवळच तो आहे, मुंबईत शिरायची गरजच नाही. लातूर-मुंबई एक्स्प्रेसनं येणार असाल, तर ती कल्याणवरून सीएसएमटीला जाते, पनवेल तिच्या वाटेवर नाही, हे ध्यानात ठेवा.

आणि तिकीट पोरांनी काढलेलं असलं, तरी त्यावरची तीन अक्षरं स्वतः वाचा: सहार-सांताक्रूझ 'बीओएम', नवी मुंबई 'एनएमआय'.