शिष्यवृत्ती आहे, परिषदेचा खर्च कुठून?

प्रश्न : मी सुरतची. कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीवर ब्रिटनमध्ये एम.एस्सी. करते आहे. एका परिषदेला जायचे आहे. पण शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना वेगळे पैसे मिळत नाहीत, असे मैत्रिणी म्हणतात. खरे का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : हा गैरसमज आहे. तुमच्या शिष्यवृत्तीतच अभ्यासविषयक प्रवासासाठी अनुदानाची तरतूद असते. प्रवास ब्रिटनमधला असो वा बाहेरचा. मार्गदर्शकांची संमती घेऊन विद्यापीठातील शिष्यवृत्ती कार्यालयात विचारा. रक्कम अपुरी पडली, तर विभागाचा निधी, आयोजकांची विद्यार्थी-सवलत आणि तुमच्या विषयातील व्यावसायिक संस्थांची प्रवास-अनुदाने पाहा. मात्र एकाच खर्चासाठी दोनदा पैसे घेऊ नका, दुसरे अनुदान मिळाल्यास लेखी कळवा. मंजुरीआधी तिकीट काढू नका. ब्रिटनबाहेर जायचे असल्यास व्हिसाचे नियम तपासा. निःसंकोच अर्ज करा. ओळखी वाढवणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.