चहा जरा थांबू द्या, वहिनी

"स्वैपाक शिकायला परभणीला कशाला? घरी आई आहे की तिची!" दादा, परवा तुम्ही असं बोललात आणि पोरगी गुमान आत गेली. म्हणून आज आलोय. वहिनी, तुम्हीही बसा. चहा नंतर.

जेवणावर लगेच चहा घेतला की भाकरी-भाजीतलं लोह अंगी कमी लागतं. लिंबू पिळलं तर जास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्यांच्या ताटात काय पडतं आणि काय पडत नाही, हे पोरीला शोधायचंय.

गेल्या हंगामात कारखान्याजवळच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर ती माझ्यासोबत आली होती. टोळीतल्या एका बाईला तिनं विचारलं, "काल काय खाल्लं?"

"काय खाणार? भाकर."

पोरीनं पुढ्यात वाटी ठेवली. कालवण किती? बाईनं अर्ध्यावर बोट टेकवलं, मग खाली सरकवलं. "पोरांचं झाल्यावर उरलं तेवढं." वहीत नोंद झाली: पाव वाटी, पातळ. पहाटे चूल पेटवून दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाईची ती पाव वाटी! तिचं धाकटं पोर उसाच्या बांधावर, अन् अंगणवाडीत नाव गावाकडं.

याच विषयात काम केलेल्या कमला सोहोनींचं नाव ऐकलंय? माहेरच्या भागवत. १९३३ मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना नाकारलं. त्या हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून घेतलं. १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, पुढं कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं. मुंबईत त्यांनी नीरेचा अभ्यास केला, तो कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भवतींना तिचा उपयोग व्हावा म्हणून. कुन्नूरची ती प्रयोगशाळा आता हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आहे. इथून फार लांब नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठातलं ते कॉलेज आता सामुदायिक विज्ञानाचं. लोक अजून गृहविज्ञानच म्हणतात, तुमचा घोळ तिथूनच झाला. तिथं अन्न आणि पोषण हा वेगळा विभाग आहे.

लग्नाचं म्हणाल, तर पोरगी बावीसची आहे, बेचाळीसची नाही.

फॉर्मवर पालकाची सही लागते, दादा. पेन आणलाय मी. वहिनी, आता टाका चहा. मला जेवून तासभर झालाय.