दावा लावण्याआधी खर्चाचा कागद मांडा

दावा लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न स्टॅम्पचा. कोर्ट फी किती, वकील किती घेतील? या दोन आकड्यांची बेरीज करून माणूस ठरवतो, झेपेल की नाही. पण हे दोन आकडे एकदाच मोजायचे असतात. खरी गळती होते ती तारखांना आणि हेलपाट्यांना, बुडालेल्या रोजाला. तिची पावती मिळत नाही, म्हणून ती हिशेबात धरली जात नाही.

हे आजचं नाही. मराठेशाहीत स्टॅम्प नव्हता, पण न्याय फुकट नव्हता. पाटीलकीचा किंवा शेताच्या हद्दीचा तंटा गोतसभेपुढे आला की सभेचा निर्णय मान्य राहील असा राजीनामा दोन्ही पक्षांकडून आधी लिहून घेत. मग जामीन, दोघांच्या तकरिरी (म्हणणी), साक्षी आणि शेवटी महजर किंवा निवाडपत्र. निकाल लागला की हरणाऱ्यानं ‘गुन्हेगारी’ भरायची आणि जिंकणाऱ्यानं ‘हरकी’. म्हणजे आपलंच शेत आपल्याला परत मिळालं तरी त्याबद्दल सरकारात रक्कम द्यायची. एका ठिकाणचा निवाडा पटला नाही तर तंटा दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे नेता येई. तिथे साक्षीदारांना घेऊन जायचं आणि त्यांच्या खाण्यापिण्याचं पाहायचं, तेही पक्षकारानंच.

पुरावा अपुरा पडला तर दिव्य. रवा दिव्यात तापलेल्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा. मग तो हात पिशवीत बांधून वर मोहोर करत आणि काही दिवसांनी सगळ्यांसमोर पिशवी सोडून हात पाहत. भाजल्याची खूण दिसली की दावा गेला. ज्याचा हात गेला त्याच्या शेतीचं पुढे काय झालं, हे निवाडपत्रात लिहीत नसत.

ज्याला सभेपर्यंत जाणं परवडत नसे तो तगादा लावी. देणेकऱ्याच्या दारात जाऊन बसायचं, आपण उपाशी राहायचं आणि त्यालाही जेवू द्यायचं नाही. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं पेशवाईच्या मुलखावर १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचं वर्णन आहे. दाव्याला पर्याय म्हणून तो स्वस्त होता, एवढंच.

इंग्रजी अमलात दर छापील झाले. १८७० च्या कोर्ट फी कायद्यानं दाव्याच्या किमतीवर फी बसवली, आणि आजही ढाचा तोच आहे. पण दर सर्वांना सारखा असला तरी कोर्टात पोहोचणं सारखं नव्हतं. दख्खनच्या सावकाराला ते सहज जमे. कुळाला तालुक्याच्या गावी जायचं म्हणजे ऐन हंगामात काम टाकून पायपीट. कुळं जात नसत, आणि दावा एकतर्फी निघे. हुकूमनाम्यात मुद्दल असे, व्याज असे आणि वर दाव्याचा खर्च. सावकारानं आपल्याविरुद्ध लावलेल्या स्टॅम्पचे पैसेही शेवटी कुळाच्याच अंगावर येत. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला दंगा उसळला तेव्हा लोकांनी सावकारांकडची खतपत्रं बाहेर काढून जाळली. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता, कारण कोर्टात त्या कागदांपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला आणि कर्जाचा मागचा इतिहास तपासण्याची जबाबदारी न्यायाधीशावर पडली. त्याच दशकात पुण्यात सार्वजनिक काकांनी लवाद कोर्टं काढली होती. उद्देश साधा होता: भांडण आपसात मिटवा, स्टॅम्प आणि हेलपाटे वाचवा.

आता आजचा कागद मांडू.

पहिली ओळ कोर्ट फीची. महाराष्ट्रात ती राज्याच्या १९५९ च्या कायद्याप्रमाणे दाव्याच्या किमतीवर ठरते. तिची कमाल मर्यादा पूर्वी ३ लाख रुपये होती, जानेवारी २०१८ पासून ती १० लाख झाली. आपल्या दाव्याला नेमकी किती लागेल ते वकिलाकडून तक्त्यावर बोट ठेवून समजून घ्या, आणि अपिलाला पुन्हा भरावी लागते हे लक्षात ठेवा. तिच्याखाली किरकोळ वाटणाऱ्या ओळी येतात: समन्सचा भत्ता, टायपिंग, झेरॉक्स, नकला, जमिनीचा वाद असेल तर मोजणीची फी.

दुसरी ओळ वकिलाची. फी टप्प्यानुसार, तारखेनुसार की एकरकमी, हे वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारा आणि कागदावर घ्या. विचारायला संकोच वाटतो, पण तो महागात पडतो. ‘आत्ता काही देऊ नका, निकाल लागला की अमुक टक्के द्या’ असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. अपघाताच्या भरपाईत ही टक्केवारी हमखास कानावर येते. जखमी माणूस अडलेला असतो, आणि नेमका तिथेच हा सौदा होतो.

तिसरी ओळ बहुतेक लोक लिहीतच नाहीत. समजा, तुमचा रोज ५०० रुपये आहे. एस.टी.चं जाणं-येणं १५०, चहा-जेवण १००. म्हणजे तारखेला ७५०. वर्षाला दहा तारखा धरल्या तर साडेसात हजार, आणि दावा सहा वर्षं चालला तर ४५ हजार. यात वकील नाही, स्टॅम्प नाही, सोबत आलेल्या भावाचा रोज नाही. वाद दोन गुंठ्यांचा असेल तर हा आकडा समोर ठेवूनच पुढचं पाऊल उचला.

सहा वर्षं जास्त वाटत असतील तर महाडचं उदाहरण पाहा. चवदार तळं खासगी आहे असं म्हणत काही सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला, तो आंबेडकरांच्या बाजूनं. प्रतिवादी स्वतः बॅरिस्टर असूनही सव्वानऊ वर्षं गेली. गिनीज बुकात तर पुण्यातल्या एका मानपानाच्या दाव्याची नोंद होती: सुरुवात १२०५ साली, निकाल २८ एप्रिल १९६६ ला, एकूण ७६१ वर्षं. त्या १२०५ वर माझा विश्वास नाही. मानपानासाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या भांडतात, यावर मात्र आहे.

जिंकलो तर खर्च समोरच्याकडून वसूल करू, या भरवशावर राहू नका. कोर्ट खर्च मंजूर करतं, पण तो प्रत्यक्ष खर्चापेक्षा बराच कमी असतो. जाणूनबुजून खोटा दावा लावणाऱ्याकडून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खाली जी भरपाई मिळते तिची मर्यादा ३,००० रुपये आहे. एवढ्यात कोणी घाबरणार नाही. शिवाय हुकूमनामा हातात आला म्हणजे पैसे हातात आले असं नव्हे. समोरचा देत नसेल तर दरखास्त लावायची, आणि ती ओळ कागदावर वेगळी लिहायची. दरखास्तीचा निकाल सहा महिन्यांत लावावा असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये बजावलं आहे. तुमच्या वकिलाला त्याची आठवण करून द्या.

तडजोडीलाही किंमत असते, आणि ती ठरवताना लाज बाळगू नये. रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्यानं, दादाजी भिकाजीनं, नांदायला यावं म्हणून १८८४ मध्ये मुंबईत दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूनं गेला. पुढे १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. १८८८ मध्ये २,००० रुपये देऊन प्रकरण मिटलं. त्या काळी ही मोठी रक्कम होती. त्यानंतर त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. माझ्या मते तो पैसा सत्कारणी लागला.

आता बचतीच्या वाटा. सगळ्यात मोठी वाट म्हणजे मोफत कायदेशीर मदत, आणि तीच सगळ्यात कमी वापरली जाते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतले लोक यांना वकील सरकारी खर्चानं मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. या मदतीत कोर्ट फीसुद्धा येते. अर्ज तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा प्राधिकरणात द्यायचा. नेमून दिलेल्या वकिलानं वेगळे पैसे मागितले तर जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

स्त्रियांना राज्य सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या आदेशानं कोर्ट फीची माफीही आहे: पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि वैवाहिक संबंधांतून आलेल्या मालमत्तेच्या वादांत. भावाविरुद्धचा वाटणीचा दावा त्यात बसतो का, हे दाखल करण्याआधी विचारून घ्या.

वस्तू किंवा सेवेची तक्रार असेल तर दिवाणी कोर्टाच्या वाटेला जाऊच नका. जिल्हा ग्राहक आयोगात मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. वकील लागत नाही, स्वतः बोलता येतं. २०१९ च्या कायद्यानं आणखी एक सोय केली: दुकान किंवा कंपनी कुठेही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. हेलपाट्यांच्या ओळीतून बरीच रक्कम इथेच खाली येते. वीज, पाणी, विमा, टपाल, रुग्णालय यांच्या वादांसाठी स्थायी लोकअदालत आहे; तिथेही फी नाही.

आधीच दावा चालू असेल आणि तो लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून आकडा मनाला पूर्ण पटल्याशिवाय सही करू नका. बाकी दावा दाखल झाल्यावर मिळणारा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक लिहून ठेवा. ई-कोर्ट्स ॲपवर तो टाकला की पुढची तारीख घरबसल्या, फुकट कळते. नुसती तारीख विचारायला तालुक्याला जाणारे लोक अजूनही आहेत.

मोफत कायदेशीर मदतीसाठी फोन १५१००. एक गोष्ट मात्र थांबत नाही: उसने दिलेले पैसे वसूल करण्याची मुदत ३ वर्षं, ग्राहक तक्रारीची २ वर्षं. बोलणी चालू आहेत म्हणून ती आपोआप वाढत नाही, तेव्हा आज कागद काढून तारीख पाहा.