डिस्क गेली तरी सर्व्हर चालूच! : रेड कंट्रोलरशी कमांड लाईनवरून बोलताना

आपल्यापैकी बहुतेकांना सर्व्हरची आठवण दोनच वेळी येते. एक सबमिशनच्या आदल्या रात्री आणि दुसरी तो बंद पडल्यावर. एरवी तो लॅबच्या कोपऱ्यात घोंघावत असतो आणि आपल्याला वाटतं, चालू आहे ना, मग सगळं ठीकच असणार. गोम इथेच आहे. रेड लावलेला सर्व्हर आतली एक डिस्क मेली तरी चालूच राहतो. त्यासाठीच तर तो बनवलेला असतो. पण डिस्क मेलीय हे कोणी विचारल्याशिवाय तो आपणहून येऊन सांगत नाही. गेली दोन वर्षं मी डिपार्टमेंटच्या सर्व्हरची देखभाल करणाऱ्या मुलांच्या गटात आहे. त्यात शिकलेली एकच गोष्ट या लेखात सांगायची आहे : आधी विचारायचं, मग बघायचं, आणि हात सगळ्यात शेवटी लावायचा.

रेड म्हणजे नक्की काय?

रेड म्हणजे लाल रंग नव्हे आणि इन्कम टॅक्सची धाडही नव्हे. १९८८ साली अमेरिकेत बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध मांडला. एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्का एकत्र बांधा, आणि एखादी गेली तर भरपाई होईल इतकी जास्तीची माहिती त्यांच्यातच ठेवा, ही त्यातली कल्पना. ती भरपाई कशी होते हे हॉस्टेलच्या भाषेत सांगतो.

समजा एका रूममध्ये तिघं राहतात. मेसची बिलं अनुक्रमे १८००, २१०० आणि १९५० रुपये. वहीत तिन्ही आकडे लिहिले आणि खाली बेरीज लिहिली ५८५०. आता मधल्या आकड्यावर चहा सांडला. काही बिघडलं का? नाही. बेरजेतून उरलेले दोन वजा केले की २१०० परत मिळाले. पण दोन आकड्यांवर चहा सांडला तर मात्र बेरीज असून उपयोग नाही.

रेड ५ हेच करतं. फक्त बेरजेऐवजी एक्सॉर वापरतं, आणि ही 'बेरीज' एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्या डिस्कांवर आळीपाळीने ठेवतं. चार टेराबाईटच्या चार डिस्का असतील तर रेड ५ मध्ये वापरायला १२ टेराबाईट मिळतात आणि कोणतीही एक डिस्क गेलेली चालते. रेड ६ मध्ये ८ टेराबाईट मिळतात आणि कोणत्याही दोन गेलेल्या चालतात. रेड १० मध्येही ८ टेराबाईटच, पण तिथे जोड्या असतात. एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर खेळ संपला. रेड १ म्हणजे सरळ आरसा. आणि रेड ० मध्ये भरपाईची सोयच नसते. वेग मिळतो, पण एक डिस्क गेली की सगळं गेलं.

मधला माणूस : कंट्रोलर

हे सगळं गणित सर्व्हरमधलं एक वेगळं कार्ड करतं, तोच रेड कंट्रोलर. लिनक्सला चार डिस्का दिसतच नाहीत, त्याला दिसते एकच मोठी डिस्क. म्हणून नेहमीच्या कमांड देऊन आतली कोणती डिस्क आजारी आहे ते कळत नाही. त्यासाठी कार्डाशीच बोलावं लागतं.

कार्ड सुरू होताना एखादी की दाबून मेनूत जाता येतं हे खरं, पण त्यासाठी सर्व्हर बंद करून चालू करावा लागतो. सबमिशनच्या आठवड्यात कोण करू देईल? कमांड लाईनवरून मात्र सर्व्हर चालू ठेवूनच सगळं विचारता येतं, तेही हॉस्टेलच्या रूममधून, अर्थात सरांनी रूटचे अधिकार दिले असतील तर.

आपल्याकडे मेगारेड जातीचं कार्ड आहे. त्याच्यासाठी पूर्वी मेगासीएलआय नावाचं साधन होतं, नंतर स्टॉरसीएलआय आलं. डेलच्या पर्क कार्डांसाठीचं पर्कसीएलआय जवळजवळ त्याच वळणाचं आहे. एचपीच्या स्मार्ट अ‍ॅरेसाठी एसएसएसीएलआय आहे, त्याची वाक्यरचना वेगळी. मी खाली स्टॉरसीएलआयच घेतो. छपाईसाठी कमांड देवनागरीत लिहितोय, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

कमांडचं व्याकरण

हे व्याकरण पोस्टाच्या पत्त्यासारखं आहे. आधी पत्ता, मग निरोप. सी म्हणजे कंट्रोलर, ई म्हणजे डिस्का ठेवायचा खण, एस म्हणजे त्या खणातला स्लॉट, व्ही म्हणजे लिनक्सला दिसणारी ती एकत्र डिस्क. म्हणजे '/सी०/ई२५२/एस३ शो' याचा अर्थ : शून्य नंबरच्या कार्डा, २५२ नंबरच्या खणातल्या ३ नंबरच्या स्लॉटमध्ये काय आहे ते दाखव. आमच्याकडे खणाचा नंबर २५२ आहे, तुमच्याकडे वेगळा असू शकतो. पत्त्यात आकड्याऐवजी 'ऑल' लिहिलं की सगळे. म्हणून रोजच्या तीन कमांड अशा :

'/सी० शो' : कार्डाची पूर्ण कुंडली.
'/सी०/व्हीऑल शो' : एकत्र डिस्कांची तब्येत.
'/सी०/ईऑल/एसऑल शो' : एकेका डिस्कची तब्येत.

उत्तरात तक्ता येतो आणि त्यात आखूड शब्द असतात. एकत्र डिस्कपुढे 'ओपीटीएल' म्हणजे सगळं उत्तम. 'डीजीआरडी' म्हणजे भरपाई संपली, आता आणखी एक डिस्क गेली तर कपाळमोक्ष. एकेका डिस्कपुढे 'ओएनएलएन' म्हणजे कामावर हजर, 'आरबीएलडी' म्हणजे पुन्हा भरणं चालू, 'यूगुड' म्हणजे चांगली पण कामावर नसलेली, 'यूबॅड' म्हणजे बिघडलेली. 'जीएचएस' किंवा 'डीएचएस' म्हणजे राखीव डिस्क, आपला बारावा खेळाडू. पण क्रिकेटमधल्यापेक्षा हा बरा. कोणी जखमी झालं की कोणी न सांगता मैदानात उतरतो आणि बॅटिंगही करतो.

या कमांड फक्त बघणाऱ्या आहेत. कितीही वेळा द्या, काही बिघडत नाही. याउलट 'डेल', 'इनिट' आणि 'फोर्स' हे तीन शब्द कुठल्याही कमांडमध्ये दिसले की एंटर दाबण्याआधी हात मागे घ्या, पाणी प्या आणि दुसऱ्या कोणाला तरी पडदा दाखवा.

गेल्या वेळचा प्रसंग

दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा सर्व्हर जरा संथ वाटला म्हणून आम्ही तक्ता काढला, तर एकत्र डिस्कपुढे 'डीजीआरडी'. '/सी० शो इव्हेंट्स' देऊन कार्डाची डायरी वाचली. स्लॉट २ मधली डिस्क १९ दिवसांपूर्वीच गेली होती. कार्डावरचा भोंगाही वाजला होता, पण आवाजाचा त्रास होतो म्हणून कोणीतरी तो गप्प केला होता. भोंगा गप्प करायला कमांड आहेच, पण भोंगा गप्प झाला म्हणजे आजार बरा होत नाही! त्यात स्लॉट ० च्या डिस्कचा 'मीडिया एरर काउंट' शून्य नव्हता, वाढत होता. आणि त्या सर्व्हरवर तीन बॅचेसचे प्रोजेक्ट रिपोर्ट होते.

अशा वेळी पहिला मोह होतो तो चटकन नवी डिस्क घालायचा. सरांनी थांबवलं. म्हणाले, "आधी बॅकअप." त्यांचं कारण समजून घेण्यासारखं आहे. नवी डिस्क भरायची तर उरलेल्या तिन्ही डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टेराबाईट. साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे एखादं न वाचता येणारं सेक्टर निघू शकतं. हिशेब केला तर ते साडेबारा टेराबाईट होतात. हा आकडा कमाल मर्यादेचा आहे, डिस्का प्रत्यक्षात बहुधा यापेक्षा बऱ्या वागतात, आणि सर्व्हरच्या डिस्कांचा आकडा दहापट चांगला असतो. तरीही आधीच कुरकुरणाऱ्या डिस्कला इतकं पळवायचं तर आधी तिच्यावरचं सामान उतरवून घेतलेलं बरं.

बॅकअप झाल्यावर पुढचा प्रश्न : चारपैकी कोणती डिस्क काढायची? इथे भलेभले चुकतात, कारण कार्ड शून्यापासून मोजतं आणि माणूस एकापासून. स्लॉट २ म्हणजे तिसरी डिस्क. त्यात काही डब्यांवर क्रम डावीकडून असतो, काहींवर वरून खाली. लॅबचे मामा सर्व्हरसमोर उभे आणि आम्ही दुसऱ्या खोलीत पडद्यापुढे. "मामा, दोन नंबरची काढा" एवढंच सांगितलं असतं आणि त्यांनी चालू डिस्क ओढली असती तर अ‍ॅरे जागच्या जागी बंद पडला असता.

यावर उपाय अगदी सोपा. '/सी०/ई२५२/एस२ स्टार्ट लोकेट' दिलं की त्याच डिस्कचा दिवा लुकलुकायला लागतो. डिस्क पूर्ण मेली असेल आणि दिवा लागत नसेल तर उलटं करायचं : बाकीच्या तिघींचे दिवे लुकलुकवायचे, शांत राहील ती आपली. शिवाय तक्त्यातला सिरियल नंबर डिस्कवरच्या लेबलशी जुळवायचा. मामांनी नंबर मोठ्याने वाचला, आम्ही पडद्यावर जुळवला, मगच डिस्क बाहेर आली.

डिस्क मेलेली नसून नुसती आजारी असेल तर तशीच ओढायची नाही. आधी 'सेट ऑफलाईन', मग 'सेट मिसिंग', मग 'स्पिनडाऊन', आणि ती फिरायची थांबली की बाहेर.

नवी डिस्क त्याच स्लॉटमध्ये घातली की भरणं बहुतेक वेळा आपोआप सुरू होतं. '/सी०/ई२५२/एस२ शो रीबिल्ड' दिलं की टक्के दिसतात. ते सुरू झालं नाही आणि डिस्क 'यूगुड' दिसत असेल तर 'अ‍ॅड हॉटस्पेअरड्राईव्ह' देऊन तिला राखीव करायचं, मग कार्ड तिला लगेच कामाला लावतं. डिस्कपुढे परकी असल्याची खूण दिसली तर मात्र सावध. तिच्यावर जुन्या अ‍ॅरेची माहिती शिल्लक आहे. ती पुसायची की आयात करायची हे डिस्क कुठून आली ते कळल्याशिवाय ठरवू नका.

चार टेराबाईटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाईटने भरली तरी साडेसात तास लागतात. त्यात कार्ड आपली सगळी ताकद या कामाला देत नाही. रीबिल्ड रेट सहसा ३० टक्के असतो, म्हणजे बाकीची कामंही चालू राहतात. आमचं काम संध्याकाळी सहाला सुरू झालं आणि पहाटे साडेपाचला तक्त्यात 'ओपीटीएल' उमटलं. स्लॉट ० ची डिस्क त्यानंतर त्याच आठवड्यात बदलली.

अजून दोन गोष्टी

कार्डावर थोडी मेमरी असते. राईट-बॅक पद्धतीत कार्ड डेटा आधी तिथे घेतं, "लिहिलं" म्हणून सांगून टाकतं आणि मग सावकाश डिस्कवर उतरवतं. मध्येच वीज गेली तर हा डेटा कार्डाच्या बॅटरीच्या भरवशावर. बॅटरी खराब झाली की शहाणं कार्ड राईट-थ्रूवर येतं, म्हणजे डिस्कवर उतरल्यावरच "लिहिलं" म्हणतं. सर्व्हर एकाएकी मंदावला तर '/सी०/बीबीयू शो ऑल' किंवा नव्या कार्डांवर '/सी०/सीव्ही शो ऑल' देऊन बघा. वेगासाठी बॅटरीशिवाय राईट-बॅक सक्तीने लावणं म्हणजे आपल्याकडच्या विजेवर नको इतका विश्वास ठेवणं.

दुसरं, 'पेट्रोल रीड'. नावाप्रमाणे ही गस्त आहे. कार्ड मोकळ्या वेळात सगळ्या डिस्का वाचून खराब सेक्टर आधीच शोधतं. ती बंद तर नाही ना, ते '/सी० शो पेट्रोलरीड' ने कळतं.

रोजची सवय आणि घरचा अभ्यास

आता आम्ही रोज सकाळी क्रॉनमधून तक्ता काढतो. कमांडच्या शेवटी 'जे' जोडलं की उत्तर जेसॉनमध्ये मिळतं आणि दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट ते वाचू शकते. 'ओपीटीएल' सोडून काहीही दिसलं की सरांना आणि आम्हाला ईमेल जातो. सगळं ठीक असलं तरी सोमवारी एक ईमेल येतोच, म्हणजे स्क्रिप्टच मेली असेल तर तेही कळतं.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा की रेड म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही फाईल डिलीट केलीत तर रेड ती सगळ्या डिस्कांवरून इमानदारीने डिलीट करतं. बॅकअप वेगळ्या मशीनवर, शक्य तर वेगळ्या इमारतीत हवा.

कार्ड नसलं तरी शिकता येतं. आपल्या पीसीवर व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स टाका, २०० मेगाबाईटच्या चार रिकाम्या फाईली बनवा, 'लॉसेटअप' वापरून त्यांना डिस्कचं रूप द्या आणि 'एमडीअ‍ॅडम'ने त्यांचा रेड ५ बांधा. त्यावर चार फोटो ठेवा. मग 'फेल' देऊन एक डिस्क मुद्दाम मारा आणि 'प्रॉक' मधली 'एमडीस्टॅट' फाईल वाचा. चार यू ऐवजी तीन यू आणि एक अधोरेखा दिसेल. फोटो तरीही उघडतील. मग मेलेली काढा, नवी जोडा, भरताना बघा. शेवटी दोन एकदम मारा आणि काय होतं तेही बघा. एका संध्याकाळचं काम आहे. ज्यांना अडेल त्यांनी शनिवारी दुपारी लॅबमध्ये यावं, आम्ही तिथेच असतो.