संगणक-जाळ्यातील नामसेवा व तिची निगा

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात संगणकावर एखाद्या शासकीय संकेतस्थळाचे नाव टंकित केले की क्षणार्धात पृष्ठ उघडते. वास्तविक जाळ्यातील यंत्रे एकमेकांना नावाने नव्हे, तर अंकी पत्त्याने ओळखतात. नावावरून अंक शोधून देण्याचे काम नामसेवा करते. ती खंडित झाली तर मूळ यंत्र सुस्थितीत असूनही दाखला, देयक वा परीक्षेचा निकाल यांपैकी काहीच नागरिकापर्यंत पोचत नाही, आणि दोष मात्र भलत्याच खात्याच्या माथी येतो.

अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यात प्रारंभी सर्व नावांची एकच यादी असे व प्रत्येक यंत्र तिची प्रत उतरवून घेई. यंत्रांची संख्या वाढताच ही पद्धत अपुरी पडली. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी विकेंद्रित नामव्यवस्थेची आखणी मांडली; ज्याचे क्षेत्र त्यानेच त्याच्या नोंदी ठेवाव्यात, हे तिचे सूत्र होय. पंचायत राज्याशी परिचित असलेल्या वाचकांना ते नवे वाटणार नाही. त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी या व्यवस्थेसाठी ‘बाइंड’ ही आज्ञावली लिहिली. तिची नववी आवृत्ती 2000 मध्ये आली. ही आज्ञावली विनामूल्य उपलब्ध आहे.

सर्व्हरवर बाइंड बसविणे फारसे कठीण नाही. खरे काम पुढे सुरू होते. प्रत्येक क्षेत्राची एक नोंद-फाइल असते व तिच्या आरंभी अनुक्रमांक असतो. दुय्यम सर्व्हर हा क्रमांक पाहतो आणि तो वाढलेला असेल तरच नवी प्रत घेतो. नोंद बदलली पण क्रमांक वाढविला नाही, तर मुख्य सर्व्हर नवा पत्ता सांगतो व दुय्यम जुनाच. फेरफार मंजूर झाला, पण उताऱ्यावर चढला नाही, असाच हा प्रकार. म्हणून वर्ष, महिना, दिवस व त्या दिवशीच्या बदलाचा दोन अंकी क्रम अशी दहा अंकांची रचना पुष्कळ व्यवस्थापक वापरतात.

दुसरे जोखमीचे स्थळ म्हणजे पूर्ण नावाच्या शेवटी द्यावयाचा बिंदू. तो सुटला तर बाइंड ते नाव अपुरे समजून त्यापुढे क्षेत्राचे नाव पुन्हा जोडते. 12 ऑक्टोबर 2009 रोजी स्वीडनच्या राष्ट्रीय नामक्षेत्राची फाइल तयार करताना नेमका हा बिंदू राहिला आणि सुमारे नऊ लाख नावे एकाएकी निकामी झाली. चूक त्वरित दुरुस्त झाली. तथापि इतर सर्व्हरांनी चुकीची उत्तरे स्मरणात साठविली असल्याने त्रास काही काळ चालूच राहिला. एवढ्या प्रगत देशात हे घडू शकते, तर जिल्हा पातळीवर दक्षता किती हवी हे उघड आहे. बदललेली फाइल लागू करण्यापूर्वी ती तपासणारी ‘नेमड-चेकझोन’ ही आज्ञा बाइंडसोबतच मिळते. तिला काही क्षण लागतात, तरी घाईत तीच वगळली जाते! तपासणीनंतर संपूर्ण सेवा बंद करून पुन्हा सुरू करण्याचे कारण नाही. ‘आरएनडीसी’ या साधनाने केवळ तेवढे क्षेत्र पुन्हा वाचता येते.

बाहेरच्या कोणाही अनोळखी यंत्रासाठी शोध घेण्याची मुभा सर्व्हरवर ठेवू नये. अशा मोकळ्या सर्व्हरांचा उपयोग करून तिसऱ्याच यंत्रावर उत्तरांचा भडिमार करण्यात येतो. सुरक्षाविषयक नव्या आवृत्त्याही वेळेवर बसवाव्यात.

कार्यालयाचे संकेतस्थळ नव्या यंत्रावर हलवावयाचे असल्यास आणखी एक गोष्ट आधी करावी लागते. उत्तर किती वेळ स्मरणात ठेवावे हे नोंदीत सेकंदांत लिहिलेले असते. तो आकडा 86400, म्हणजे एक दिवस असेल, तर स्थलांतराच्या किमान एक दिवस अगोदर तो 300 वर आणावा. मग पत्ता बदलल्यावर पाच-दहा मिनिटांत बहुतेक ठिकाणी नवा पत्ता पोचतो. सर्व सुरळीत झाल्यावर जुना आकडा पुन्हा लिहावा, आणि त्या वेळीही अनुक्रमांक वाढवावा.