थंड इंजिनाची टकटक

डिसेंबरच्या सकाळी विश्रामबागच्या गॅरेजवर गिऱ्हाईक एकच तक्रार घेऊन येते, "मिस्त्री, गाडी सुरू केली की टकटक वाजते." रात्रभर उभ्या गाडीचे ऑइल खाली उतरलेले, गारठ्याने घट्ट झालेले असते, वर कॅमपर्यंत चढायला त्याला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ रेस करू नये. आवाज लगेच थांबला तर हात लावायचे कारण नाही.

थांबला नाही तर टॅपेट पाहावे. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, फिलर घालून. अंतर कंपनीच्या पुस्तकात असेल तेवढेच. नुसत्या कानाने टॅपेट आवळणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आवाज जातो, गिऱ्हाईक खूष. पण अंतर संपले की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो, कॉम्प्रेशन जाते. मग हेडच्या खर्चावरून भांडण, आणि दुकानाचे नाव जाते ते वेगळेच.

खरखर असेल तर कॅम चेन व टेन्शनर. गरम झाल्यावरच बंद होणारी ठकठक असेल तर पिस्टन-बोअरची झीज तपासावी. जाड ऑइल घालून आवाज दाबू नये. डब्यावर 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा लहान, तितके ऑइल थंडीत लवकर चढते.